स्त्रियांचे हृदय, सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि औषधोपचार

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानात वाचलेले भाषण)



जैन परंपरेने श्रावकाला जी चार दाने सांगितली आहेत, त्यांत आहारदान, ज्ञानदान आणि अभयदान यांच्या बरोबरीने औषधदानाला स्थान दिले आहे. सामान्यतः औषधदान म्हणजे गरजू रुग्णाला औषध मिळवून देणे, असा अर्थ केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु औषध घरात असूनही ते कशासाठी आहे हे ठाऊक नसेल, किंवा वेळेला ते घेतलेच गेले नाही, तर ते दान अपुरे राहते. योग्य औषधाचे योग्य ज्ञान देणे यात औषधदान आणि ज्ञानदान ही दोन्ही दाने एकत्र येतात. याच भावनेने आजचा विषय निवडला आहे. विषय आहे स्त्रियांच्या छातीतील अशा वेदनेचा, जी अँजिओग्राफीत दिसत नाही आणि म्हणून पुष्कळदा घरातही कोणाला दिसत नाही.

समाजातील एका श्राविकेची हकिकत येथे उपयोगी पडेल. वय अठ्ठावन्न, धर्मपरायण, घरातील सर्वांच्या आधी उठणारी आणि सर्वांच्या नंतर झोपणारी. मंदिराच्या पायऱ्या चढताना त्यांच्या छातीवर दडपण येऊ लागले. कधी ते जबड्यात जाई, कधी पाठीत, तर कधी केवळ धाप लागे. काही वेळा तर पहाटे अंथरुणातच छाती आवळल्यासारखी होऊन जाग येई. आरंभी पित्ताची औषधे झाली, ओवा-सुंठ झाली. पुढे ईसीजी, टू-डी एको आणि शेवटी अँजिओग्राफीही झाली. मुख्य धमन्या स्वच्छ असल्याचे समजताच घरात पेढे वाटले गेले. आनंद स्वाभाविक होता. पण पंधरा दिवसांनी पुन्हा दुखू लागले, तेव्हा घरातूनच शब्द आले, "आता तपासणीत काही नाही म्हणतात ना, मग मनातून काढून टाका." त्या दिवसापासून त्यांनी वेदना सांगणेच सोडून दिले.

या श्राविकेचे दुखणे काल्पनिक नव्हते. ते कोठे होते, हे समजण्यासाठी हृदयाच्या रचनेकडे वळावे लागेल.

हृदयाच्या पृष्ठभागावरून ज्या मुख्य धमन्या धावतात, त्यांची रुंदी साधारण दोन ते पाच मिलिमीटर असते. अँजिओग्राफीत रंगद्रव्य सोडून ज्यांचे चित्र घेतले जाते, त्या या धमन्या होत. त्यांना फाटे फुटत फुटत हृदयाच्या स्नायूत शिरणाऱ्या ज्या वाहिन्या असतात, त्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतात. नेहमीच्या अँजिओग्राफीत त्या दिसत नाहीत. गावाला पाणी देणारा मोठा कालवा तुडुंब भरलेला असावा, पण शेतात पाणी नेणारे पाटच नीट उघडत नसावेत आणि पीक मात्र सुकत जावे, तशी ही अवस्था असते. प्रत्यक्षात हृदयाच्या स्नायूला किती रक्त द्यायचे हे मुख्यतः या सूक्ष्म वाहिन्याच ठरवितात. श्रम करताना त्यांनी पसरावयाचे असते. निरोगी हृदयात रक्तप्रवाह विश्रांतीच्या तुलनेत अडीच पटीहून अधिक वाढू शकतो. वाहिन्या पसरल्या नाहीत, किंवा अकारण आखडल्या, तर स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि छातीत कळ येते. या विकाराला सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा हृदयविकार असे म्हणता येईल.

वैद्यकशास्त्राला हे समजण्यास दीर्घ काळ लागला, आणि त्या विलंबाचा इतिहास उद्बोधक आहे. इंग्लंडमधील विल्यम हेबर्डन यांनी 1768 मध्ये लंडन येथील व्याख्यानात हृदयशूलाचे, म्हणजे अँजायनाचे, प्रथम तपशीलवार वर्णन केले. त्यांनी पाहिलेल्या सुमारे शंभर रुग्णांत स्त्रिया अवघ्या तीन होत्या. तेव्हापासून हा पुरुषांचा आजार, अशी समजूत दृढ झाली. 1958 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमन्यांची अँजिओग्राफी सुरू केली आणि धमनीतील अडथळा डोळ्यांनी पाहता येऊ लागला. त्याबरोबर एक कोडेही उभे राहिले. काही रुग्णांची वेदना खरी, तपासणीत रक्तपुरवठा कमी पडल्याच्या खुणाही खऱ्या, आणि धमन्या मात्र स्वच्छ! 1973 मध्ये हार्वे केम्प यांनी या कोड्याला 'सिंड्रोम एक्स' असे नाव दिले. कारण मात्र अज्ञातच होते. 1988 मध्ये कॅनन आणि एपस्टाइन या शास्त्रज्ञांनी दोष सूक्ष्म वाहिन्यांत असल्याचे दर्शविणारे नाव सुचविले आणि अज्ञाताला काहीसा आकार आला.

1991 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झालेल्या हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हीली यांनी त्याच वर्षी एका लेखात दाखवून दिले, की स्त्रीचा हृदयविकार पुरुषासारखा दिसला तरच तिच्यावर पुरुषासारखे उपचार होतात. त्यानंतर 1996 मध्ये डॉ. नोएल बेअरी मर्झ यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रियांच्या हृदयाचा मोठा अभ्यास तेथे सुरू झाला. 'वाइज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासात छातीत दुखणाऱ्या 936 स्त्रियांची अँजिओग्राफी झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या मुख्य धमन्यांत मोठा अडथळा नव्हता. अशा 159 स्त्रियांच्या सूक्ष्म वाहिन्यांची विशेष तपासणी केली, तेव्हा जवळजवळ निम्म्या, म्हणजे 47 टक्के स्त्रियांत दोष आढळला.

धमन्या स्वच्छ असल्या म्हणजे धोका नाही, हा समजही याच अभ्यासाने खोडून काढला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेनुसार, ज्यांना कोणतेही लक्षण नाही अशा स्त्रियांत पाच वर्षांच्या काळात हृदयाघात, पक्षाघात इत्यादी गंभीर घटनांचे प्रमाण 2.4 टक्के होते. छातीत दुखते पण धमन्या पूर्ण स्वच्छ, अशा स्त्रियांत ते 7.9 टक्के, तर धमन्यांत थोडाफार थर असणाऱ्यांत 16 टक्के होते. पेढे वाटण्यापूर्वी हे आकडे नजरेखालून घालावयास हवेत.

अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या समाजाला ही गोष्ट समजणे अवघड नाही. अँजिओग्राफी खोटे सांगत नाही. एका दृष्टीने पाहिलेले ते सत्यच आहे. परंतु 'मुख्य धमन्या स्वच्छ आहेत' हे विधान 'हृदय निरोगी आहे' या विधानाशी एकरूप मानले, की एकांत-दृष्टीचा दोष घडतो. त्या चुकीचे फळ मात्र वेदना सहन करणाऱ्या स्त्रीला भोगावे लागते.

आता औषधोपचाराकडे वळू. या विकारात फुगा घालून रुंद करण्याजोगी किंवा स्टेंट बसविण्याजोगी जागाच नसते. म्हणून औषधे, व्यायाम आणि पथ्य हाच येथील मुख्य उपचार होय. औषधांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. वेदना कमी करणारी औषधे पहिल्या गटात येतात, तर वाहिन्यांचे आरोग्य सुधारून पुढील धोका टाळण्यासाठी दिली जाणारी दुसऱ्या गटात. पहिल्या गटाचा गुण लगेच जाणवतो, दुसऱ्याचा जाणवत नाही. त्यामुळे 'आता दुखत नाही' म्हणून दुसऱ्या गटातील गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. तो टाळावा.

पहिल्या गटात सर्वांत परिचित औषध म्हणजे जिभेखालची गोळी. नायट्रेट वर्गातील नायट्रोग्लिसरीनचा हृदयशूलासाठी उपयोग विल्यम मरेल यांनी 1879 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच द्रव्यापासून डायनामाइट बनविणाऱ्या आल्फ्रेड नोबेल यांना आयुष्याच्या अखेरीस डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिले, हा इतिहासातील एक विलक्षण योग. मुख्य धमन्यांच्या विकारात ही गोळी बहुधा चटकन गुण देते. सूक्ष्म वाहिन्यांच्या विकारात मात्र पुष्कळ स्त्रियांना तिचा गुण अपुरा किंवा उशिरा येतो. म्हणून गोळीने दुखणे थांबले नाही, तर ते हृदयाचे नव्हेच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. गोळी बसून घ्यावी, कारण रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. डोकेही दुखू शकते. पाच मिनिटांत आराम न पडल्यास, घाम सुटल्यास किंवा श्वास लागल्यास 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

दुसरा वर्ग बीटा-ब्लॉकर औषधांचा. जेम्स ब्लॅक यांनी 1960 च्या दशकात या वर्गातील प्रोप्रॅनोलॉल हे औषध विकसित केले आणि 1988 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, नेबिव्होलॉल ही त्याच कुळातील आज वापरली जाणारी औषधे. ती हृदयाची गती कमी करून त्याची प्राणवायूची गरज घटवितात. चालताना वा जिना चढताना दुखत असेल, तर त्यांचा चांगला उपयोग होतो. तिसरा वर्ग कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर औषधांचा. अॅम्लोडिपिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल ही नावे अनेकांच्या कानावर असतील. ही औषधे वाहिन्यांची आखडण्याची प्रवृत्ती कमी करतात. विश्रांतीत, विशेषतः पहाटे, आकडी येऊन दुखत असेल तर यांनाच प्राधान्य मिळते. अशा आकडीच्या विकारात बीटा-ब्लॉकर काही वेळा त्रास वाढवू शकते. तसेच डिल्टियाझेम वा व्हेरापामिल यांच्या जोडीला बीटा-ब्लॉकर घेतल्यास नाडी धोकादायकरीत्या मंद होऊ शकते. म्हणूनच शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपल्या घरात आणणे अत्यंत गैर आहे. दोघींचे दुखणे वरकरणी एकच असले, तरी कारण वेगळे असू शकते.

याखेरीज काही सहायक औषधे आहेत. निकोरँडिलने वाहिन्या पसरतात, परंतु काहींना तोंडात व्रण होतात. इव्हाब्राडिन नाडीची गती कमी करते. ट्रायमेटाझिडिन कंपवाताच्या रुग्णांनी टाळावे. 2006 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रॅनोलाझिनवर मोठी आशा होती. छोट्या अभ्यासात गुण दिसला, परंतु 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 128 रुग्णांवरील अधिक काटेकोर चाचणीत एकंदर लाभ सिद्ध झाला नाही. निवडक रुग्णांतच ते विचारात घेतले जाते. काही वेळा डॉक्टर अल्प मात्रेत इमिप्रामिन हे नैराश्यावरील औषध देतात. ते पाहून घरचे दचकतात. वास्तविक 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, धमन्या स्वच्छ असूनही छातीत दुखणाऱ्या रुग्णांच्या वेदनेचे झटके या औषधाने सुमारे निम्म्याने कमी झाले होते. ते येथे वेदनेची तीव्र संवेदना शमविण्यासाठी दिले जाते. त्यावरून रुग्णाला मनोरुग्ण ठरविणे अन्यायाचे होईल.

धोका कमी करणाऱ्या गटात स्टॅटिन आणि एसीई-प्रतिबंधक ही औषधे प्रमुख आहेत. अॅटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन यांसारखी स्टॅटिन औषधे कोलेस्टेरॉल उतरवितात आणि वाहिन्यांच्या आतील नाजूक अस्तराचे कार्यही सुधारतात. स्नायू फार दुखू लागल्यास डॉक्टरांना कळवावे. रामिप्रिल, एनालाप्रिल इत्यादी एसीई-प्रतिबंधकांपैकी क्विनाप्रिल या औषधाचा 'वाइज' अभ्यासाच्या गटाने 61 स्त्रियांवर प्रयोग केला. 16 आठवड्यांत ज्यांचा रक्तप्रवाह आधी अधिक मंद होता, त्यांच्यात विशेष सुधारणा दिसली. या औषधाने कोरडा खोकला आल्यास टेल्मिसार्टनसारखे दुसऱ्या वर्गाचे औषध देता येते. अॅस्पिरिन सर्वांनाच लागते असे नाही. धमन्यांत थर असल्यास डॉक्टर ते ठरवितात. पाळी गेल्यानंतर या विकाराचे प्रमाण वाढत असल्याने संप्रेरकांच्या गोळ्या घ्याव्यात काय, असाही प्रश्न विचारला जातो. 2002 मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि हृदयाच्या रक्षणासाठी त्या घेऊ नयेत, हे स्पष्ट झाले.

कोणत्या स्त्रीला कोणते औषध, हा निर्णय अंदाजाने न करता तपासणीने केला तर किती फरक पडतो, हे स्कॉटलंडमधील एका चाचणीने दाखविले. योगायोग असा, की ज्या रुग्णालयाच्या पुढाकाराने ती झाली, त्याचे नावच 'गोल्डन ज्युबिली' आहे! 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत अडथळा नसलेले 151 रुग्ण होते आणि त्यांतील जवळजवळ तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. अँजिओग्राफीच्या वेळीच सूक्ष्म वाहिन्यांचे मापन करण्यात आले. दोष पसरण्यात आहे की आखडण्यात, हे पाहून ज्यांना औषध दिले गेले, त्यांची प्रकृती सहा महिन्यांत इतरांपेक्षा लक्षणीय सुधारली. औषधे जुनीच होती. ती कोणाला द्यावयाची, हे मात्र आता नेमके कळले होते. ही तपासणी सर्वत्र होत नाही. परंतु 'धमन्या स्वच्छ आहेत, तरी दुखते. सूक्ष्म वाहिन्यांचा दोष असेल काय?' एवढा प्रश्न तर प्रत्येक कुटुंबाला हृदयरोगतज्ज्ञांस विचारता येतो.

आता त्या श्राविकेकडे पुन्हा वळू. त्यांच्या सुनेने तो प्रश्न विचारला. दुसऱ्या तज्ज्ञांनी लक्षणे नीट ऐकून घेतली, औषधे बदलली आणि चार महिन्यांत त्या पुन्हा मंदिराच्या पायऱ्या चढू लागल्या. पुढे पर्युषण आले. त्यांनी अठाईचा संकल्प केला आणि कोणालाही न सांगता पहिल्या दिवसापासून सर्व गोळ्या बंद केल्या. तिसऱ्या दिवशीच्या पहाटे छातीत तीव्र कळ आली. जिभेखालची गोळी उशाशी होती. चौविहार पच्चक्खाण मोडेल, या भयाने त्या अंधारात नवकार मंत्राचा जप करीत सूर्योदयाची वाट पाहत बसून राहिल्या. सून पाणी गरम करण्यासाठी उठली, तेव्हा त्या घामाने निथळत होत्या. "आई, गोळी का नाही घेतली?" या प्रश्नाला उत्तर आले, "सूर्य उगवू दे ना, बेटा." दैव बलवत्तर म्हणून वेळेवर रुग्णालयात पोहोचल्या.

बऱ्या झाल्यावर त्यांना प्राण वाचल्याच्या आनंदापेक्षा अठाई अपुरी राहिल्याचे शल्य अधिक होते. साध्वीजी महाराजांनी त्यांना शांतपणे समजाविले, की प्रत्याख्यानात आगार ठेवलेले आहेत. तीव्र पीडेत समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याची मुभा त्यांत अभिप्रेत आहे. तप आत्मशुद्धीसाठी आहे. वेदनेने चित्त व्याकूळ झाल्यास तपाचा हेतूच हरवतो. हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले. असे कोणी आधी सांगितले असते तर, एवढेच त्या म्हणाल्या.

म्हणून पर्युषण असो वा दशलक्षण, आयंबिल असो वा वर्षीतप, हृदयाची औषधे चालू असणाऱ्या भगिनींनी संकल्पापूर्वी दोघांना विचारावे. आपल्या डॉक्टरांना आणि गुरुभगवंतांना. बीटा-ब्लॉकर एकाएकी बंद केल्यास हृदयशूल उलटून अधिक तीव्रतेने येऊ शकतो. उपवासात शरीरातील पाणी कमी झाल्यावर रक्तदाबाच्या गोळ्यांची नेहमीची मात्रा जड होऊन चक्कर येऊ शकते, मूत्रपिंडावरही ताण येतो. मधुमेहाच्या गोळ्यांनी साखर धोकादायक उतरू शकते. बऱ्याच गोळ्यांच्या वेळा नवकारशीनंतर आणि सूर्यास्तापूर्वी बसविता येतात. डॉक्टरांना चौविहाराची कल्पना दिली, तर तेही त्याप्रमाणे मात्रा ठरवून देतात. काही प्रकृतींना दीर्घ उपवास सोसणारच नाही. त्यांनी स्वाध्याय, सामायिक आणि रसत्याग यांतून तप साधावे.

अहिंसेच्या दृष्टीनेही एक शंका नेहमी येते. कॅप्सूलचे वेष्टन बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिज असते. अशा वेळी औषध टाकून न देता तेच औषध गोळीच्या स्वरूपात वा वनस्पतिजन्य वेष्टनात मिळते काय, असे विचारावे. पुष्कळदा ते मिळते. मात्र दीर्घकाळ परिणाम करणारी कॅप्सूल स्वतःहून उघडू नये, गोळी कुटू नये. एसीई-प्रतिबंधक औषधे सापाच्या विषापासून बनतात, असेही ऐकू येते. ब्राझीलमधील एका सर्पाच्या विषाच्या अभ्यासातून या औषधांची कल्पना सुचली, हे खरे. परंतु 1981 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या कॅप्टोप्रिलपासून आजपर्यंत ही औषधे रासायनिक प्रक्रियेने तयार होतात, त्यांत विष नसते.

शेवटी घरातील पुरुषवर्गास एक नम्र विनंती. पुरुषाच्या छातीत कळ आली तर सारे घर धावते. स्त्रीच्या छातीत कळ आली तर ती आधी स्वयंपाक उरकते. ही रीत बदलावयास हवी. तिचे दुखणे ऐकून घेणे, तिच्या औषधाची वेळ लक्षात ठेवणे, तिच्यासोबत रोज अर्धा तास चालणे, ताटातील मीठ, तळण आणि साखर कमी करणे, यांपैकी कशालाही मोठा खर्च येत नाही. ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या सेवाकार्यात औषधदानाची परंपरा जपली गेली आहे. येत्या पर्युषणापूर्वी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घरातील माता-भगिनींना एवढे जरी विचारले, "तुमच्या गोळ्यांचे काय ठरविले?", तरी सुवर्ण महोत्सवाचे सार्थक होईल. कळत-नकळत कोणाचे मन दुखावले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!